हळदीच्या वखारीतले स्पॅनिश मास्तर

सांगलीच्या हळद पेठेत त्या काळी कोणालाही विचारलं असतं, तर त्यानं छातीठोकपणे सांगितलं असतं की स्पॅनिश लोक फार मरतात. मरताना फार बोलतात, आणि बोलून झाल्यावरसुद्धा लगेच मरत नाहीत. पेठेला हे ज्ञान एकाच माणसाकडून मिळालं होतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि पेठेतही ते फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना स्पॅनिश मास्तर म्हणायचे, नि दुपार झाली की हमाल एकमेकांना विचारायचे, "मास्तर मेलं का रं आज?"

मास्तर एका अडत्याच्या वखारीत पोत्यांवर छाप मारायचं काम करत. सकाळी हातात कुंचला आणि काळ्या शाईचा डबा. दोन वाजले की हात धुऊन धोतरावर काळा कोट चढवायचे, खांद्यावर उपरणं टाकायचे आणि वखारीच्या माडीवर स्पॅनिशच्या वर्गाला यायचे. हे उपरणं म्हणजे त्यांची सगळी नाटक कंपनी होती. डोक्यावरून घेतलं की बाई, पाठीवर सोडलं की सरदार, गुंडाळून कुशीत धरलं की तान्हं मूल आणि तोंडावरून पांघरलं की प्रेत. डाव्या पायानं ते मुळातच लंगडत. शिकवताना कादंबरीतला दुष्ट माणूस व्हायचं असलं की मुद्दाम उजव्या पायानं लंगडत, आणि त्यात त्यांचे फार हाल व्हायचे.

माडी त्या अडत्यानं, म्हणजे शेटजींनी, फुकट दिली होती. तिकडचे लोक भात पिवळा करून खातात, असं मास्तरांनी त्यांच्या कानावर घातलं होतं. लढाई संपलीय, आता बोटी सुरू होतील, मग अख्खा स्पेन सांगलीच्या हळदीवर जेवेल, असा शेटजींचा अंदाज होता. तो भात केशरानं पिवळा होतो, हे मास्तर त्यांना बोलले नव्हते.

मी त्या वर्गात हौसेनं गेले नव्हते. माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. लढाई सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि दोन महिन्यांत यजमान बोटीत बसले. मुंबईच्या एका कापडाच्या पेढीनं त्यांना स्पेनच्या एका बेटावरच्या आपल्या दुकानात नेमलं होतं. वर्षभरात बिऱ्हाड करतो नि तुला नेतो, म्हणाले. पुढे लढाई पेटली, बोटी बंद झाल्या, वर्षाची सहा वर्षं झाली. लढाई संपल्याबरोबर मी पत्र घातलं की आता तरी न्या. उत्तर आलं : "इथे येऊन तू काय करणार? इथली भाषा तुला येत नाही. मी दिवसभर दुकानात, तू चार भिंतींत मुक्यासारखी बसशील. त्यापेक्षा तिथे सुखात आहेस. दीड वर्षानं मला रजा आहे, तेव्हा समक्ष बोलू."

तिथे सुखात आहेस, हे वाचून मला जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. सासरी मी धड सून नव्हते, माहेरी धड लेक नव्हते. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. माझी ट्रंक पुरती रिकामी अशी कधी झालीच नाही. आता हातात दीड वर्ष होतं. तेवढ्यात भाषा आली तर यजमानांकडे कारण उरणार नव्हतं. नाही आली, तर ती ट्रंक घेऊन सातारा-सांगली करता करता मी म्हातारी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

वडिलांनी दोन अटींवर परवानगी दिली. आत्याला बरोबर न्यायचं, आणि परक्या पुरुषांत तोंड उघडायचं नाही. तोंड न उघडता भाषा कशी शिकायची, हे वडिलांना विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी जिना चढून वर गेलो, तर मास्तर मेलेले होते. हळदीच्या पोत्यांच्या थप्पीपुढे चटईवर ते उपरणं पांघरून आडवे पडले होते, आणि त्यांच्या उशाशी बसून एक भल्या मोठ्या मिशांचे हवालदार अगम्य भाषेत ऊर बडवत होते. आम्हाला बघून ते थांबले.

"या ताई, बसा," ते म्हणाले. "आत्ताच गेल्यात. उठत्यात आता."

आत्यानं माझा हात घट्ट धरला. मी जागची हलले नाही.

हे हवालदार पलूसकडचे. इटलीत लढून आले होते आणि बहिणीकडे राहून पुढच्या नोकरीची वाट बघत होते. इटलीत थोडीफार तिकडची भाषा त्यांच्या कानावर पडली होती. स्पॅनिश ही तिची सख्खी बहीण, असं मास्तरांनी सांगितल्यावर "मग बगू की" म्हणून ते वर्गात येऊन बसले. वर्गात शेटजींचे मुनीम होते, कॉलेजातली दोन मुलं होती, पण बाईचं काम करायला कोणी तयार होईना. हवालदारांना हुकूम पाळायची सवय. त्यामुळे मास्तरांच्या लाडक्या कादंबरीतली नायिका, दोन्या मार्ता, म्हणजे मार्ताबाई, ही साडेपाच फुटी आणि मिशाळ होती. तिला पुन्हा पुन्हा सोडून जाणारा कप्तान मास्तर स्वतः व्हायचे.

मास्तरांकडे साडेतीन कादंबऱ्या होत्या. अर्धी म्हणजे जिची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती ती. भाषा शिकवायची म्हणजे या साडेतीन कादंबऱ्यांतले प्रसंग करायचे, एवढंच त्यांना माहीत. फळा नाही, वही नाही, व्याकरण नाही. शब्दाचा अर्थ विचारला तर ते अंगावर यायचे.

"अर्थ कशाला हवा? आधी रडा. अर्थ मागून येतो."

गंमत म्हणजे तो यायचा. एखादं वाक्य गुडघ्यावर बसून, हात पसरून, गळा दाटून वीसदा ऐकलं की एकविसाव्या वेळी ते काय आहे हे आपोआप कळायचं, आणि एकदा कळलं की विसरता विसरायचं नाही. व्याकरणाविषयी त्यांचं मत असं होतं की ते थंड डोक्याच्या माणसांसाठी असतं. ज्याला जीव तोडून भांडायचं आहे त्याची क्रियापदं आपोआप जागेवर बसतात. गृहपाठ म्हणून त्यांनी मुनीमजींना घरी जाऊन बायकोशी स्पॅनिशमध्ये भांडायला सांगितलं. मुनीमजी दुसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्यानं आले. बायकोनं सगळं ऐकून घेऊन मराठीत उत्तर दिलं होतं.

मास्तरांचं स्वतःचं पाठांतर कृष्णेच्या घाटावर चाले. सकाळी सकाळी पायरीवर उभे राहून ते नदीला धमक्या द्यायचे. धुणं धुणाऱ्या बायका आधी घाबरायच्या, मग हसायच्या, मग त्यांच्यातली एखादी ओरडायची, "मास्तर, कालचं गोड हुतं, त्येच म्हना की." मास्तर लगेच धमकी सोडून प्रेमाचं भाषण सुरू करायचे.

आणि सांगली ती सांगली. नाटक दिसलं की इथला माणूस जागचा हलत नाही, मग ते कुठल्या का भाषेत असेना. महिनाभरात वर्ग भरला की खाली गल्लीत हमाल, गाडीवान, हळद निवडणाऱ्या बायका जमायला लागल्या. माडीच्या दोन्ही खिडक्या उघड्याच असायच्या. हवालदारांची मार्ता पहिल्यांदा रंगात येऊन मेली, तेव्हा खालून टाळ्या पडल्या आणि कोणीतरी खणखणीत आवाजात वन्स मोअर दिला. हवालदार डोळे मिटून पडल्या पडल्याच म्हणाले, "आता काय करायचं, मास्तर? मढ्यानं उठायचं व्हय?"

"उठायचं," मास्तर म्हणाले. "दुसऱ्यांदा मरताना उच्चार सुधारतो."

त्या दिवसापासून वन्स मोअर हीच आमची उजळणी झाली. पुढे पुढे तर मास्तर हमालांशी संधान बांधून होते. खिशात भाजक्या शेंगा ठेवायचे आणि ज्या वाक्यात आम्ही अडखळायचो तिथे खिडकीतून खाली मूठभर टाकायचे. शेंगा पडल्या की वन्स मोअर यायचा. अवघड क्रियापदाला दोन मुठी. हमालांना वाटायचं तेच सर्वात रंगतदार वाक्य आहे, आणि ते मनापासून दाद द्यायचे. अशी शाळा मी पुन्हा पाहिली नाही.

मी मात्र तीन महिने नुसती ऐकत होते. ओठ मिटून सगळं पाठ होत होतं आणि आतल्या आत कुजत होतं. शेवटी वाट काढली ती आत्यानं, म्हणजे मला आवरायला जिला बरोबर पाठवलं होतं तिनंच. एक दिवस ती मास्तरांना म्हणाली, "हिचे वडील म्हणाले आहेत, परक्या पुरुषांत तोंड उघडायचं नाही. पोत्यांमागे कुठे पुरुष आहेत?"

मास्तरांनी तिला वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून मी हळदीच्या थप्पीमागे बसून मार्ताची वाक्यं बोलू लागले आणि हवालदार पुढे उभे राहून नुसते हातवारे करू लागले, ओठ हलवू लागले. त्यांना फार बरं वाटलं. "ताई, तुमी बोला, म्या मरतो," म्हणाले. मोठ्या मिशांतून बाईचा आवाज आल्यावर खाली गल्लीत पहिल्या दिवशी दंगा झाला, पण मग लोकांना सवय झाली. मी घरी जायची ती पदराला, केसांना, भुवयांना हळद माखून. आई रोज विचारायची, भाषा शिकतेस का लग्न लावून घेतेस?

पोत्यांमागे कोणी बघत नव्हतं म्हणून मी जे काही बोलले ते मला अजून आठवतं. सहा वर्षं मनात साठलेलं सगळं मार्ताच्या नावावर निघालं. मास्तर थप्पीच्या पलीकडून फक्त एवढंच म्हणायचे, "अजून." माझं त्या माणसाइतकं कोणी ऐकून घेतलेलं नाही.

अर्ध्या कादंबरीचा शेवट दर गुरुवारी कोणीतरी करायचा. मुनीमजी सगळ्यांची तडजोड घडवून आणत. हवालदार नायकाची दुसऱ्या पलटणीत बदली करत. आत्या वर्गात कधी बोलायची नाही, पण एका गुरुवारी तिनं हात वर केला आणि नायिकेला तिच्या मागे लागलेल्या दोघांनाही सोडून काशीला पाठवलं. मास्तर म्हणाले, हा शेवट मूळ लेखकाला सुचायला हवा होता.

असं वर्षभर छान चाललं. मग एक दिवस मी घरी फोडणी टाकत होते आणि माझ्या लक्षात आलं की मला स्पॅनिशमध्ये तलवार येते, शपथ येते, विष येतं, विरह येतो, 'नीच माणसा, माझ्या दृष्टीसमोरून चालता हो' हेसुद्धा येतं. पण मोहरी येत नाही. मोहरीचं सोडा, मीठ येत नव्हतं. दूध, सरपण, उद्या, किती वाजले, काही म्हणजे काही येत नव्हतं. मी चाळीस शब्दांची यादी केली आणि मास्तरांच्या हातात दिली. ते म्हणाले, पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी म्हणाले, पुढच्या. चौथ्या गुरुवारी मी वर्ग सुटल्यावर जिन्यात उभी राहिले. मागे आत्या होती, त्यामुळे त्यांना जायला वाट नव्हती.

मास्तर पायरीवर बसले. "बाई, मला हे शब्द येत नाहीत," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी घरातून पळून ते बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागले होते. दूर दक्षिण अमेरिकेच्या एका बंदरात ते बोटीच्या तळघरात पडले, पाय मोडला, आणि बोट त्यांना तिथल्या इस्पितळात सोडून निघून गेली. दहा महिने ते पाठीवर होते. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा शाळामास्तर होता, तोही उठू न शकणारा. तो दिवसभर कादंबऱ्या वाचायचा, पडल्या पडल्या सगळ्यांची सोंगं घ्यायचा, रडायचा, ओरडायचा, आणि यांच्याकडूनही म्हणवून घ्यायचा. एवढीच त्यांची शाळा.

"दूध समोर यायचं. मागावं लागलं नाही कधी," मास्तर म्हणाले. "रस्त्यावर पाऊल टाकलं ते परतीच्या बोटीत चढायला."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? माझं सगळं यावर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही वर्ग सोडला असता." आणि त्यांनी मान खाली घातली.

मी त्यांना त्या दिवशी फार बोलले. मराठीतच बोलले. चार दिवस वर्गाला गेले नाही. पाचव्या दिवशी गेले, कारण दुसरा मास्तर सांगलीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या पोत्यांमागे गेल्याशिवाय मला करमत नव्हतं. त्या दिवशी मास्तरांनी मार्ताचं सर्वात लांब भाषण काढलं आणि माझ्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. शेंग मात्र एकही टाकली नाही.

यजमान आले ते आठव्या वर्षी, थंडीत. मी साताऱ्याला गेले. यजमानांच्या डोक्यावरचे केस विरळ झालेले, बोलणं कमी, वागणं चांगलं. मला त्यांचा तिरस्कार वाटावा असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि त्यानं माझं काम अवघड झालं. चौथ्या दिवशी सकाळची जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत विषय निघाला. मामंजी झोपाळ्यावर, सासूबाई आतल्या दारात, मी भिंतीशी.

"ती म्हणते, भाषा शिकले आहे," मामंजी म्हणाले.

यजमान हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाकडे बघून हसावं तसे हसले. "बरं. मीठ द्या, हे कसं म्हणशील?"

माझ्या तोंडाशी तलवार आली, शपथ आली, मीठ काही आलं नाही.

"किती वाजले?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"बाजार कुठे आहे, एवढं तरी?" मग ते वडिलांकडे वळले. "बघा तात्या. हिचे हाल होतील तिथे. मी तिच्या भल्यासाठीच सांगतो."

भल्यासाठी हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. मार्ताचा कप्तान नेमकं हेच म्हणून प्रत्येक वेळी निघून जायचा. मी भिंत सोडून खोलीच्या मध्यभागी आले. पुढे पोती नव्हती, हवालदार नव्हते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी मार्ताचं ते लांब भाषण म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, हात पसरून, आवाज न चोरता, डोळ्यांतलं पाणी न पुसता. सासूबाई दारातच खाली बसल्या. झोपाळा थांबला.

मग मामंजींनी मुलाला विचारलं, "काय म्हणाली रे ती?"

यजमान माझ्याकडे बघत होते. "मला... सगळं नाही कळलं, तात्या."

"मग काय कळलं?"

"दार कळलं."

"आठ वर्षं तू तिथेच होतास ना?"

त्यांनी खाली बघितलं. मग जे बोलले ते मला उद्देशून नव्हतं, पण मी ऐकलं. "मला फक्त कापडाचं बोलता येतं. किती वार, कुठला रंग, शेवटचा भाव. दुकान बंद झालं की वरच्या खोलीत जाऊन बसतो. मला कोणी काही विचारत नाही, आणि विचारलं तर सांगता येत नाही."

आठ वर्षं हा माणूस मुका बसला होता, आणि ते लिहायची लाज वाटून मला लिहीत होता की तू मुकी बसशील. मला त्यांची इतकी दया आली की पुन्हा रडू आलं. आणि मला आनंदही झाला, तो मी लपवला नाही.

"काय म्हणालीस ते आता मराठीत सांग," मामंजी म्हणाले.

मी सांगितलं, "सात वेळा आलास नि सात वेळा गेलास. दर वेळी म्हणालास, तुझ्या भल्यासाठी. माझं भलं मी बघीन. तू दार उघड, नाहीतर दारातून बाजूला हो."

मामंजींनी पायानं झोपाळा हलवला. "हिला घेऊन जा," ते मुलाला म्हणाले. "बिऱ्हाडात एकाला तरी बोलता आलं पाहिजे."

महिन्याभरानं आम्ही सांगलीहून निघालो. मिरजेला जाणाऱ्या छोट्या गाडीपाशी आत्या आली होती, हवालदार आले होते, कोट घालून मास्तर आले होते. निरोपाचे सात प्रसंग त्यांना तोंडपाठ होते, आणि सातही आम्ही केले होते. मला वाटलं आता एखादा सुरू होणार. फलाटावरच्या दोघा-तिघा हमालांनाही तसंच वाटलं, ते ओझी ठेवून उभे राहिले. पण मास्तर नुसते खिडकीशी आले, गजावर हात ठेवला आणि काही बोलेनात. तोंड उघडायचे, मिटायचे. यजमानांना ते बघवलं नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "मला एकच निरोपाचं वाक्य येतं. गिऱ्हाईक दुकानातून निघालं की आम्हाला ते म्हणावंच लागतं, त्यानं काही घेवो न घेवो." आणि त्यांनी मान थोडी लववून ते म्हटलं, "वुएल्वा प्रोंतो. म्हणजे, पुन्हा लवकर या."

मास्तर चमकले. "हे कुठल्या कादंबरीत आहे?"

"कुठल्याच नाही. सगळे म्हणतात."

"पुन्हा म्हणा."

यजमानांनी पुन्हा म्हटलं. मास्तरांनी ते ओठांतल्या ओठांत घोळवलं. शिट्टी झाली, गाडी हलली, तसे ते बरोबर चालू लागले. पहिल्यांदा त्यांनी ते यजमानांकडे बघून म्हटलं आणि उच्चार चुकला. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हटलं. मग फलाट संपेपर्यंत खिडकीबरोबर लंगडत येत ते तेवढंच म्हणत राहिले, वुएल्वा प्रोंतो, वुएल्वा प्रोंतो, आणि या वेळी ते कोणाचंच सोंग घेऊन बोलत नव्हते.